नदीकाठचा तंबू मागू नका

केनियातल्या मसाई मारा अभयारण्याचे फोटो टाकल्यापासून इनबॉक्समध्ये तोच प्रश्न येतोय: कॅम्प कुठला, आणि तंबूतून नदी दिसते का? नदी दिसणारा तंबू मागू नका, हे सांगायला ही पोस्ट. थोडी लांबेल.

तंबू म्हणजे कॅनव्हासच्या भिंतींचं पंचतारांकित हॉटेलच. बाहेर लाकडी डेक, आत पितळी नळ. रात्री अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवलेली असते, हे कुणी सांगितलं नव्हतं. पायाला काहीतरी ऊबदार लागलं आणि बायको अशी किंचाळली की शेजारच्या तंबूतला दिवा लागला. कॅम्पला कुंपण नाही. अंधार पडला की तिथल्या गुराखी मसाई जमातीचा रखवालदार भाला-टॉर्च घेऊन तंबूपर्यंत सोडतो. आईला तो आमच्या वाड्यावरचा राखणदारच वाटला! सरबराईत नाव ठेवायला जागा नाही.

खटकलं ते नदीवर. सुमारे १३ लाख वाइल्डबीस्ट (मोठी, शिंगाळी कुरंगं) आणि त्यांच्यासोबत लाखो झेब्रे, हरणं पावसामागून कोवळं गवत शोधत टांझानियातलं सेरेंगेटी आणि मारा यांत वर्षभर गोल फिरतात. वर्षाच्या सुरुवातीला दक्षिणेत न्डुटूकडे वितात, साधारण जुलै ते ऑक्टोबर मारा नदी ओलांडतात, तीही कधी इकडून, कधी तिकडून. उतरायच्या जागा बऱ्याचशा ठरलेल्या. आम्ही होतो तेव्हा पुढची जनावरं काठावर थबकली, मागून रेटा, नुसती धूळ, आणि नेमक्या उतारावर जीपला जीप चिकटलेली. कळप ताटकळला आणि मागे वळला. आमच्यातला एकजण म्हणतो, पैसे फुकट गेले. कुणाचे, ते विचारायचं राहिलं.

२०२५ मध्ये मारातल्याच सँड नदीकाठी एका जगप्रसिद्ध हॉटेल साखळीने २० तंबूंचा कॅम्प उघडला, प्रत्येक तंबूला स्वतःचा छोटा तलाव. जनावरांची वाट अडते म्हणून एका मसाई नेत्याने न्यायालयात धाव घेतली. केनियाच्या वन्यजीव खात्याने कॅम्पची बाजू घेतली, डिसेंबरात खटलाही मागे घेतला गेला. पण माराला लागूनच ओलारे मोटोरोगी कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे मसाईंच्या जमिनीवरचं राखीव रान आहे. तिथे ७०० एकरांमागे एकच तंबू, आणि जमिनीचं भाडं मसाई मालकांच्या हाती. पैसे मोजायचेच तर तिथे मोजा.

आता काही मित्र म्हणतायत, आपल्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात असा कॅम्प हवा. आपल्याकडेही जनावरांची वाट आहेच की, वाघाची. म्हादई अभयारण्यातून कर्नाटकातलं भीमगड, खाली काळी व्याघ्र प्रकल्प, वर महाराष्ट्रात तिळारीमार्गे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. फक्त आपला वाघ लाखांच्या कळपाने जात नाही, म्हणून ती कुणाला दिसत नाही. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्या गोळावलीत वाघीण आणि तीन बछडे विषाने मेले, तेव्हा दिसली. तीही वाघाला वाघ्रो देव म्हणून पुजणाऱ्या तालुक्यात. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तीन महिन्यांत म्हादईचा व्याघ्र प्रकल्प जाहीर करा म्हटलं, तर गोवा सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. लोकांना हुसकावतील ही गावची भीती मला खोटी वाटत नाही. सेरेंगेटीतून मसाईंना १९५९ मध्ये बाहेर काढलंच होतं.

म्हणून तंबू घालायचेच तर गावात घाला, कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेला, मालकाला दरमहा भाडं देऊन. एप्रिल-मेमध्ये गवे ज्या कोंडीवर (नदीतल्या डोहावर) पाण्याला उतरतात तिथे डेक ठोकायला निघालात, तर माझा विरोध आत्ताच लिहून घ्या.