‘इथे नको’ म्हणणाऱ्यांनी ‘कुठे हवा’ तेही सांगावे

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या कट्ट्यावर ऊसदर आणि महापालिका हे दोन विषय बारमाही असतात, परंतु सध्या त्या दोघांनाही बापूंच्या गच्चीने मागे टाकले आहे. बापूंच्या तीन मजली घरावर मोबाइल टॉवर उभारण्यासाठी एका कंपनीने मासिक भाड्याचा प्रस्ताव दिला आहे. घराचे कर्ज अजून फिटायचे असल्याने बापूंना तो मोलाचा वाटतो. त्याच गल्लीत राहणाऱ्या आमच्यापैकी काहींना तो अजिबात मान्य नाही. रविवारी यावर जो वाद झाला, त्यातून बरेच नेमके हाती लागले, म्हणून तो माझ्या शेऱ्यांसह लिहून काढत आहे.

पहिला आक्षेप मास्तरांचा होता आणि तो अपेक्षितच होता. बापूंच्या घरासमोर प्राथमिक शाळा आहे. मास्तर म्हणाले की, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकले आहे, मग मुलांच्या डोक्यावर हा प्रयोग कशासाठी करायचा? दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले आण्णा यावर शांतपणे म्हणाले, “मास्तर, तो २ब गट आहे. त्याच गटात कोरफडीच्या पूर्ण पानाचा अर्कही आहे. पुरावा अपुरा आहे, पण शंका पूर्णपणे सोडता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.” त्यानंतर त्यांनी आकडे सांगितले. अशा लहरींपासूनच्या संरक्षणाचे निकष ठरवणाऱ्या आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाने ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी दर चौरस मीटरला ४.५ वॅट ही मर्यादा सुचवली होती. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून ती एक दशांशावर, म्हणजे ०.४५ वॅटवर आणली. शिवाय अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते, आणि टॉवर दूर असला की आपल्या कानाला लावलेला फोनच जास्त शक्ती वापरू लागतो. त्यामुळे टॉवर गावाबाहेर घालवल्याने डोक्याजवळच्या लहरी कमी होतीलच असे नाही.

मास्तरांचे समाधान झाले नाही, आणि ते आकड्यांनी होण्यासारखेही नव्हते. मात्र आण्णांनी पुढे जे सांगितले त्याने वादाची दिशाच बदलली. अँटेनाचा झोत आडवी धरलेल्या बॅटरीसारखा समोर जातो आणि खाली अगदी थोडाच कललेला असतो. म्हणून टॉवरच्या पायथ्याशी किंवा समोरच्या बुटक्या इमारतीत तीव्रता कमी असते; खरा विचार करायचा तो अँटेनाच्या थेट समोर, त्याच उंचीवर राहणाऱ्यांचा. राज्यांना पाठवलेल्या मार्गदर्शक सूचनांत दूरसंचार विभागाने याच कारणासाठी अंतरे सुचवली होती. समोर त्याच उंचीवर इमारत असेल, तर एका अँटेनासाठी २० मीटर, दोनसाठी ३५ मीटर, आणि अँटेना वाढतील तसे अंतरही वाढत जाणार. हे ऐकताच इतका वेळ मजेने ऐकणाऱ्या वहिनी ताठ बसल्या. त्या शेजारच्या अपार्टमेंटच्या सचिव आहेत आणि त्यांचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर आहे. मास्तर ज्या शाळेसाठी भांडत होते ती एकमजली, तीही झोताच्या बरीच खाली. आणि ज्यांच्या खिडकीसमोर अँटेना येण्याची शक्यता होती त्यांना त्याची कल्पनाही नव्हती. टॉवरला होणारा विरोध बहुतेक वेळा असा चुकीच्या इमारतीसाठी लढला जातो, असे माझे मत आहे.

यावर बापूंनी आपली बाजू मांडली. गच्ची त्यांची, कर ते भरतात, मग गल्लीची परवानगी कशाला? वकीलसाहेबांनी त्यांना अर्धा दिलासा दिला. तार कायद्याखाली २०१६ साली जे मार्गाधिकार नियम, म्हणजे केबल आणि टॉवरसाठी जागा वापरण्याच्या हक्काचे नियम आले, त्यांत २०२२ साली दुरुस्ती झाली. खाजगी मालमत्तेवर टॉवर उभारताना स्थानिक संस्थेची परवानगी घेण्याची अट तिने काढून टाकली आणि त्या जागी फक्त लेखी पूर्वसूचना ठेवली. मात्र इमारत हा भार पेलू शकते असे संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र सूचनेसोबत जोडणे आवश्यक केले. पुढे २०२३ चा दूरसंचार कायदा आला आणि त्याखालचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. त्यांत सार्वजनिक जागेवरच्या अर्जाचा निकाल ६७ दिवसांत लावायचा आहे. तो न लागल्यास परवानगी मिळाली असे धरले जाते. खाजगी जागेचा विषय मुख्यतः मालक आणि कंपनी यांच्यातल्या कराराचा राहतो.

“म्हणजे महापालिकेला काहीच विचारायचे नाही?” मास्तर भडकले. “उद्या ग्रामसभेने ठराव केला तरी तो कचऱ्यातच का?”

वकीलसाहेबांनी दिलेले उदाहरण सांगली जिल्ह्यातलेच होते, त्यामुळे ते सर्वांना टोचले. चिखलहोळ ग्रामपंचायतीने लोकांच्या आरोग्याच्या तक्रारीवरून टॉवरचे काम थांबवण्याचा ठराव केला होता. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. लहरी अपायकारक असल्याचे दाखवणारा शास्त्रीय आधार समोर नसताना केवळ भीतीपोटी काम थांबवता येणार नाही, असे म्हणत न्यायालयाने तो ठराव रद्द केला. याउलट राजस्थान उच्च न्यायालयाने २०१२ साली शाळा आणि रुग्णालयांवरचे टॉवर हटवण्याचा आदेश दिला होता, हे मास्तरांनी सांगितले आणि ते खरेही आहे. तरीही वकीलसाहेबांचे म्हणणे मला पटले. लहरींची मर्यादा केंद्राने ठरवलेली आहे. ती पाळली जात असेल, तर त्या मुद्द्यावर गावाने किंवा शहराने लढणे म्हणजे आपली सर्वांत दुबळी बाजू न्यायालयापुढे ठेवणे होय.

इथे त्यांनी अमेरिकेचा दाखला दिला. आमच्या कट्ट्यावर अमेरिकेचा दाखला निघाला की पाच मिनिटे वाया जातात असा अनुभव आहे, पण हा उपयोगी ठरला. तिथल्या १९९६ च्या दूरसंचार कायद्याने टॉवरची जागा आणि बांधकाम यांबाबत निर्णय घेण्याचा नगरपालिका आणि काउंटी यांचा अधिकार कायम ठेवला, पण त्याला कुंपण घातले. कंपन्यांमध्ये अवाजवी भेदभाव करायचा नाही. सेवाच मिळणार नाही अशी आडकाठी घालायची नाही. वाजवी मुदतीत निर्णय द्यायचा. नकार दिला तर तो लेखी आणि भक्कम पुराव्यावर आधारलेला असला पाहिजे. आणि लहरी केंद्रीय मर्यादेत असतील तर त्यांच्या परिणामांचे कारण देऊन नकार देता येणार नाही. वाजवी मुदत म्हणजे किती, यावर भांडणे झाली, तेव्हा तिथल्या संघीय दळणवळण आयोगाने २००९ साली ती ठरवून दिली: असलेल्या टॉवरवर भर घालायची असेल तर ९० दिवस आणि नवा टॉवर असेल तर १५० दिवस. जॉर्जिया राज्यातल्या रॉसवेल शहराने टॉवर नाकारला, पण नकाराची कारणे वेळेवर कळवली नाहीत, म्हणून २०१५ साली सर्वोच्च न्यायालयात ते हरले. चिखलहोळ आणि रॉसवेल यांच्यात साम्य आहे ते असे की, दोन्ही ठिकाणी स्थानिक संस्थेने नकार आधी दिला, आणि तो टिकेल अशा रीतीने कारणे मांडण्याचे काम मात्र नीट झाले नाही.

नगररचना विभागात आयुष्य घालवलेले तात्या एवढा वेळ तंबाखू मळत गप्प होते. ते बोलू लागले तेव्हा वाद अखेर मूळ मुद्द्यावर आला. त्यांचे म्हणणे असे की, राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत दूरसंचार केंद्राकडे आहे, पण जमीन आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे विषय राज्याकडे आहेत. १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आणि शहराचा विकास आराखडा ही साधने आपल्या हातात आहेत. फोनच्या लहरींवर महापालिकेचा अधिकार नसला, तरी महापालिकेच्या पाण्याच्या टाक्या, मंडया, बागा, कार्यालयांच्या गच्च्या आणि दिव्यांचे खांब हे तिच्याच मालकीचे आहेत. त्यांतल्या कोणत्या जागा टॉवरसाठी देता येतील याची यादी आधीच तयार करून ठेवावी, भाड्याचे दर जाहीर करावेत, एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांनी यंत्रणा बसवावी असा आग्रह धरावा. मग कंपनीला गल्लीतली गच्ची शोधण्याची गरज कमी भासेल आणि महापालिकेला उत्पन्नही मिळेल. गल्लीत टॉवर आला की मोर्चा काढायचा आणि आराखड्यावर हरकती मागवल्या जातात तेव्हा घरी बसायचे, ही आपली रीत आहे. टॉवर कुठे असावा हे आधी ठरवणारे शहरच तो कुठे नसावा हे ठामपणे सांगू शकते, असे माझेही स्पष्ट मत आहे.

बापूंनी लगेच विचारले की, महापालिकेला यात पैसा दिसत असेल तर त्यांच्या गच्चीवरही ती कर लावेलच ना? याचे उत्तर गुंतागुंतीचे निघाले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये अहमदाबाद महानगरपालिकेच्या प्रकरणात टॉवरवर मालमत्ता कर लावण्याचा अधिकार मान्य केला होता. २०२३ च्या कायद्यात मात्र असे कलम आले आहे की, एखाद्या मालमत्तेवर उभारलेले दूरसंचार जाळे, त्या मालमत्तेच्या करासाठीसुद्धा, तिचा भाग मानले जाणार नाही. वकीलसाहेबांच्या मते यावरून अजून बरेच खटले चालतील, आणि हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर किंचित समाधान होते.

यानंतर वहिनींनी जो मुद्दा काढला तो त्या दिवसातला सर्वांत महत्त्वाचा होता, असे मी मानतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गावभाग, मारुती चौक, शामरावनगर पाण्यात होते, वीज बंद होती आणि वहिनींचा त्यांच्या माहेरच्या माणसांशी संपर्क तुटला होता. “टॉवर उभा होता, पण त्याच्या पायथ्याशी असलेल्या बॅटऱ्या आणि जनरेटर पाण्याखाली गेले, तर तो टॉवर काय कामाचा?” असे त्यांनी विचारले. २००५, २०१९ आणि २०२१ हे तीन पूर पाहिलेल्या शहरात टॉवरच्या जागेचा नियम ठरवताना पूररेषेचा विचार पहिल्या ओळीत असायला हवा. निळ्या (२५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या) आणि लाल (१०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या) पूररेषेच्या दरम्यान जमिनीवरचा टॉवर उभारायचाच असेल, तर त्याची वीजयंत्रणा लाल रेषेच्या वर चौथऱ्यावर असावी, डिझेलचा साठा किती तास पुरेल हे कंपनीने लिहून द्यावे, आणि पुराच्या काळात बोटीने तिथपर्यंत पोहोचण्याची सोय असावी. नदीकाठच्या काळ्या मातीत उंच टॉवरचा पाया किती खोल जावा लागतो, याची भर तात्यांनी घातली. पूरपट्ट्यात गच्चीवरचा टॉवर अधिक सुरक्षित ठरू शकतो, हेही यातून निघाले आणि बापूंचा चेहरा खुलला. पण बापूंचे घर पूरपट्ट्यात नाही, याची आठवण मास्तरांनी तत्परतेने करून दिली.

मधल्या वेळेत आण्णांनी एक इशारा दिला, तो इथे नोंदवणे गरजेचे आहे. टॉवर मंजूर करून देतो, आधी नोंदणी शुल्क भरा, असे संदेश सर्वत्र फिरतात. दूरसंचार नियामक प्राधिकरण अशी ना हरकत प्रमाणपत्रे देत नाही, असे प्राधिकरणाने वारंवार जाहीर केले आहे. भाडे कंपनीने मालकाला द्यायचे असते. मालकाने कोणालाही आगाऊ रक्कम भरायची नसते. बापूंनी अजून काही भरलेले नाही.

शेवटी गल्लीतर्फे कंपनीला आणि महापालिकेला द्यायच्या पत्राचा मजकूर ठरला. त्यात किरणोत्साराची घोषणाबाजी नाही. संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र आणि वाऱ्याच्या भाराचे गणित दाखवा. अँटेना कोणत्या दिशांना असतील आणि पाचव्या मजल्यापासून त्यांचे अंतर किती आहे ते नकाशावर मांडा. जनरेटर गच्चीवर बसवणार असाल तर आवाजाचे काय ते सांगा. टॉवर सुरू झाल्यावर लहरी मर्यादेत असल्याचे स्वयंप्रमाणपत्र द्या, एवढेच त्यात मागितले आहे. गरज पडली तर ‘तरंग संचार’ या सरकारी संकेतस्थळावरून चार हजार रुपये भरून मोजणी मागवायची आणि तो खर्च गल्लीने वाटून घ्यायचा, हे वहिनींनी सुचवले. बापूंना वकीलसाहेबांनी करारात दोन कलमे घालायला सांगितली आहेत: गळती किंवा भेगा झाल्यास दुरुस्ती कंपनीची, आणि मुदत संपल्यावर टॉवर स्वखर्चाने उतरवण्याची हमी.

शाळेपासून किती अंतर असावे यावर एकमत झाले नाही. मास्तरांना शंभर मीटर हवेत, आण्णांना कोणताही सरसकट आकडा मान्य नाही, कारण त्यांच्या मते अंतर झोताच्या दिशेवरून ठरले पाहिजे. पत्रात तो मुद्दा दोन्ही मतांसह जाणार आहे. पूररेषेच्या अटींना मात्र कोणाचाच विरोध नव्हता, म्हणून त्यांचा वेगळा मसुदा करून आयुक्तांना देण्याचे काम तात्यांनी स्वतःकडे घेतले आहे.