देवगिरी जिंकायचाय? रविवारीच निघा

देवगिरी उर्फ दौलताबादचा किल्ला सर करायचा असेल तर अभ्यास-बिभ्यास अजिबात करू नका, सुट्टीच्या दिवशी भर अकराला गाडी काढा आणि वेरूळच्या रस्त्याला लागा. वाटेत बाहेरच्या तटाचा दिल्ली दरवाजा येतो, रस्ता त्याच्या पोटातूनच जातो. शत्रूची फौज अडवायला बांधलेली वेस ती, दोन ट्रॅव्हल्स समोरासमोर आल्या की आजही काम चोख करते. तुम्ही हॉर्न दाबून धरा, दगड सरकतात म्हणे.

पुढे महाकोटाचा, म्हणजे आतल्या तटाचा मुख्य दरवाजा. दाराच्या फळ्यांवर हे लांब अणकुचीदार खिळे, कारण तेव्हा दारं फोडायला हत्ती आणायचे आणि धडक दिली की खिळे थेट त्याच्या कपाळात. तुम्ही त्यांना पर्स अडकवून फोटो काढा. आत शिरलात तरी सरळ वाट नाहीच, चौक, भिंत, वळण, परत दार, म्हणजे घुसलेला गडी वरच्या लोकांच्या आयताच तावडीत, काय डोकं लावलंय राव! आता त्या चौकात तोफा मांडल्यात, त्यांच्यावर पोरं बसवायची.

मग नाव कोरायचं. निळ्या बोर्डावर 1958 चा कायदा लिहिलेला असतो, स्मारक खराब केलं तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पण टेन्शन नॉट, बिनधास्त पूर्ण नाव टाका, गाव टाका, जमलं तर मोबाईल नंबरही, पोलिसांना तेवढीच मदत.

आणि खाऊ भरपूर न्या, हा सल्ला मात्र इतिहासाला धरून आहे. 1296 ला अल्लाउद्दीन खिलजी आला, इथला यादव राजा रामदेवराय वर कोंडला गेला आणि धान्याची म्हणून घाईत आणलेली पोती उघडली तर निघालं मीठ, अशी गोष्ट सांगतात. 1633 ला मोगलांच्या महाबतखानाने सुरुंग लावून तट उडवले खरे, पण आत खायचे वांधे झाले तेव्हाच निजामशाहीच्या फतेहखानाने किल्ला दिला. म्हणजे खिळे, बुरूज, वळणं सगळं जागच्या जागी आणि घात केला पोटाने. तेव्हा वेफर्सची पाकिटं जास्तीचीच घ्या, रिकामी झाली की पहारेकऱ्यांच्या देवडीत कोंबा, तिथे जागा नसेल तर खंदक आहेच, तेवढ्यासाठीच तर खोदलाय इतका खोल.