फीड मेलं म्हणणाऱ्यांनी एकदा टेम्प्लेट उघडून पाहावं

वरूड-मोर्शीकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सार असं: फीड (साइटवर नवा लेख आला की वाचणाऱ्याच्या ॲपला कळवणारी यादी) २०१३ मध्येच मेलं, घरी बनवलेल्या ब्लॉगला ते जोडायला प्रोग्रामर लागतो, खेड्यातल्या नेटला ते झेपत नाही, आणि ग्रुपवर लिंक टाकता येते तर हवं कशाला? संत्र्यावर स्वतःच्या साइटवर लिहिणारी आमच्याकडची काही पोट्टी हे वाचून फीडचा नाद सोडायला निघाली, म्हणून हे उत्तर.

२०१३ मध्ये बंद झालं ते गूगल रीडर, १ जुलैला. ते फीड वाचायचं एक साधन होतं. फीड म्हणजे साइटवर ठेवलेली साधी एक्सएमएल, म्हणजे टॅग लावून लिहिलेल्या मजकुराची, फाइल; तिला गूगलची परवानगी कधीच लागत नव्हती. ती लिहायच्या दोन पद्धती: आरएसएस २.० हे २००२ चं, ॲटम २००५ चं, दोन्ही आजही चालतात. पॉडकास्टचा नवा भाग मोबाइलवर आपसूक येतो, तो बहुतेक वेळा आरएसएसवरूनच. मेलेलं एवढं काम करत असेल तर करू द्या की.

प्रोग्रामरची बात मात्र मला फार खटकते. ज्यानं ब्लॉगचं पहिलं पान टेम्प्लेटनं, म्हणजे पानाच्या साच्यानं, बनवलं, त्याचं बरंचसं काम झालेलंच असतं. ते टेम्प्लेट लेखांच्या यादीवर लूप फिरवून, म्हणजे एकेक लेख घेऊन, शीर्षक, तारीख, लिंक छापतं. फीडचं टेम्प्लेटही तेच करतं, फक्त टॅग वेगळे. ॲटममध्ये वर फीडचं शीर्षक, आयडी (कधी न बदलणारी ओळख), शेवटच्या बदलाची वेळ, लेखकाचं नाव. खाली लूपमध्ये प्रत्येक लेखाचं शीर्षक, आयडी, वेळ, लिंक आणि मजकूर. टेम्प्लेटची भाषा जिंजा असो की लिक्विड, एका स्क्रीनवर मावतं. साइट बनवायचं ह्यूगो हे साधन तर न सांगताच आरएसएस काढून देतं.

अडतं ते बारीक जागी, आणि ‘फीड चालत नाही’ ही ओरड तिथूनच उठते. संत्र्याच्या रोगांवरच्या लेखाला ‘कोळशी & डिंक्या’ असं नाव दिलं तर ब्राउझर चालवून घेतो. एक्सएमएल मात्र त्या & वर अडतं आणि अख्खं फीड उघडत नाही. नुसतं जिंजा वापरत असाल तर एस्केप, म्हणजे अशा चिन्हाचं एक्सएमएलला चालेल असं रूप, आपोआप होत नाही, शीर्षकाला फिल्टर लावावा लागतो. दुसरी जागा पहिली ओळ. ‘ही एक्सएमएल फाइल आहे’ असं सांगणारी घोषणा फाइलच्या पहिल्या अक्षरापासून सुरू व्हावी लागते. टेम्प्लेटमध्ये तिच्या वर एखादी सेटची (किंमत ठरवणारी) ओळ किंवा कॉमेंट लिहिली की छापताना रिकामी ओळ उरते आणि सगळं ठप्प. मग तारीख. आरएसएसला वार आणि महिना इंग्रजी लघुरूपात लागतात, ‘सोम, १४ जुलै’ छापलं तर ॲपला कळत नाही. म्हणून मी ॲटमच घ्या म्हणतो: तिथं सगळं आकड्यांत, फक्त आकडे देवनागरी नकोत आणि शेवटी आपल्या वेळेचा जागतिक वेळेपासूनचा साडेपाच तासांचा फरक लिहायचा. आणि आयडी एकदा दिला की दिला. तो लेखाच्या पत्त्यावरून काढत असाल आणि नंतर पत्ता बदलला, तर जुनाच लेख सगळ्यांकडे नवा होऊन पुन्हा येतो.

नेटचं म्हणाल तर देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं. पाच हजार चिन्हांचा लेख पंधरा केबीच्या आसपास जातो. सकाळी सकाळी येणारा गुलाबाचा फोटो याहून कितीतरी जड असतो, त्याची तक्रार कोणी केलेली ऐकली नाही. शिवाय बरीचशी ॲप रेंज असताना लेख उतरवून ठेवतात, मग वावरात टॉवर नसला तरी वाचता येतात.

ग्रुपवर लिंक टाकाच, कोण नको म्हणतं? पण आंबिया बहाराच्या ताणावरची लिंक डिसेंबरात टाकली, तर मृगाच्या वेळी ग्रुपमध्ये आलेल्याला ती कुठं शोधायची? फीडमध्ये मागचे लेख तुम्ही ठेवाल तितके हजर असतात. हां, गावात फीड वाचणारे बोटावर मोजण्याइतकेच निघतील, तेवढं त्या मेसेजचं खरं. पण त्याच फाइलवरून ईमेल किंवा टेलिग्रामचा बॉट आपोआप चालवता येतो, आणि ते वाचणाऱ्याला फीड हे नावही माहीत असायची गरज नाही.

फक्त पानाच्या कोडमधल्या ‘हेड’ या वरच्या भागात फीडचा पत्ता सांगणारी लिंकची ओळ टाका. ती नसली तर नुसत्या साइटच्या पत्त्यावरून ॲपला फीड सापडेलच असं नाही.