साठीनंतर वजनं उचलू नका म्हणे!

फिजिओथेरपिस्टनं शिकवलेले मांड्यांचे व्यायाम आमच्या आत्यानं बंद केले. कारण काय, तर भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला मेसेज: 'साठीनंतर स्नायू वाढत नाहीत. वजनं उचलली की ते झिजतात, व्यायाम सोडला की त्यांची चरबी होते. फक्त चाला.' आत्या बाहत्तरची आहे, खुर्चीतून उठताना तिला हाताचा आधार लागतो. तिला नेमका हाच सल्ला मिळावा, याचा संताप येतो.

चरबीचं आधी उरकते. स्नायूची पेशी वेगळी, चरबीची वेगळी. एकीची दुसरी होत नाही. व्यायाम थांबला की स्नायूतंतू बारीक होतात आणि जेवण तेवढंच राहिलं की चरबी साठते, एवढंच.

आता 'वाढत नाहीत'. १९९० साली अमेरिकेत संशोधक मारिया फिआतारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या दहा अशक्त माणसांकडून आठ आठवडे मांड्यांचा वजनी व्यायाम करून घेतला. सरासरी वय ९०! नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली, आणि मांडीच्या स्नायूचा आकार ९ टक्क्यांनी वाढला. आकारापेक्षा ताकद इतकी जास्त का? कारण सुरुवातीला मज्जासंस्था आहेत तेच तंतू जास्त संख्येनं कामाला लावायला शिकते. तंतू जाड होतात ते सावकाश. ताण पडला की तंतूत नवी प्रथिनं तयार होतात. तंतूला चिकटून सुप्त पडलेल्या सॅटेलाइट पेशीही जाग्या होतात, वाढतात आणि आपली केंद्रकं, म्हणजे पेशीचा कारभार चालवणारे गाभे, तंतूला देतात. मेसेजवाले ज्याला झीज म्हणतात ती ही दुरुस्ती आहे.

वय झालं की हा प्रतिसाद मंदावतो, हे मात्र खरं. मंदावतो, थांबत नाही. रक्तदाब आटोक्यात नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जड वजन उचलू नये आणि उचलताना श्वास रोखून धरू नये, हेही मान्य.

राहिलं 'फक्त चाला'. चालावंच. दमसासाच्या व्यायामानं स्नायूतले ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात, केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, माणूस लवकर दमत नाही. पण वयानुसार जास्त आकसतात ते जलद आकुंचन पावणारे तंतू, आणि रमतगमत चालताना त्यांना फारसं काम पडत नाही. मोरीत पाय सरकला की झटकन तोल सावरायला तेच लागतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पासष्टीच्या पुढच्यांना चालण्यासारख्या व्यायामाच्या जोडीला आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत.

ज्यांनी तो मेसेज पुढे ढकलला, त्यांनी त्याच ग्रुपवर हेही टाकावं.