पाळी गेल्यावर पोटात पाणी 'वयानं' होत नाही

पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये एक निरोप मोबाईलवर सतत फिरत असतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: 'पाळी गेल्यावर सोनोग्राफीत पोटात पाणी दिसतंच, ते वयाचं. पोट दुखतं ते गॅसमुळे. सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरच्या संशयात करतात ती रक्ततपासणी) नॉर्मल आलं की कॅन्सर नाही. पिशवी काढली असेल तर प्रश्नच मिटला. आणि सुईनं पाणी काढू देऊ नका, आजार पसरतो.' लिहिणाऱ्याला धीर द्यायचा असेल, पण या भरवशावर बायकांचे महिने वाया जातात.

'पाणी वयाचं असतं.' उलट आहे. पाळी चालू असते तेव्हा दर महिन्याला स्त्रीबीज बाहेर पडताना थोडं द्रव पोटात सांडतं आणि गर्भाशयाच्या मागच्या खळग्यात साठतं. रिपोर्टात त्या खळग्याला 'पीओडी' म्हणतात. पाळी गेली की हे कारणच संपतं. निरोगी बाईतही काही मिलिलिटरचा पुसट थर कधी दिसतो, हे खरं. पण तेव्हा दुखणं नसतं, अंडाशयात गाठ नसते, पोट वाढत नसतं. दुखणं आणि पाणी एकत्र आलं तर कारण शोधायलाच हवं.

इथे एक घोळ नेहमी होतो. 'पिशवीत पाणी' आणि 'पिशवीमागे पाणी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गर्भाशयाचं तोंड वयानं आकसलं की आत थोडा स्राव अडकतो. त्याची तपासणी वेगळी, आतल्या अस्तराची जाडी बघून. रिपोर्टात 'एंडोमेट्रियल कॅव्हिटी' (पिशवीची आतली पोकळी) लिहिलंय की 'पीओडी', हे आधी वाचून घ्या. सोनोग्राफी नुसती पोटावरून झाली असेल तर योनीमार्गातून करायची का, ते विचारा. पहिलीला लघवी भरलेली लागते, दुसरीला मोकळी करून जायचं. अंडाशय दुसरीत जास्त स्पष्ट दिसतात.

'गॅस आहे.' गॅस सकाळी कमी, संध्याकाळी जास्त असा हलतो. पाणी हटत नाही. परकराची नाडी दर पंधरा दिवसांनी सैल बांधावी लागते आणि दंड, गाल मात्र सुकत जातात, असं दिसलं तर तो गॅस नव्हे. दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, लघवीची घाई, पोट फुगणं, यांतलं काही महिन्यातून १२ पेक्षा जास्त वेळा होत असेल तर तपासणी करा, असं ब्रिटनची नाइस ही संस्था २०११ पासून सांगते. पन्नाशीनंतर तर आवर्जून. वारंवार पोट दुखून-फुगून शौच बिघडवणारा आतड्याचा 'आयबीएस' हा त्रास पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू होणं विरळाच.

'सीए-१२५ नॉर्मल म्हणजे सुटका.' सगळ्यांत जास्त नुकसान या वाक्यानं होतं. नॉर्मलची मर्यादा ३५. अंडाशयाचा कॅन्सर पहिल्या टप्प्यात असताना जवळपास निम्म्या बायकांत हा आकडा वाढलेलाच नसतो. म्हणून डॉक्टर तो एकटा बघत नाहीत, त्याचा गुणाकार करतात: सोनोग्राफीचे गुण गुणिले ३ (पाळी गेली म्हणून) गुणिले सीए-१२५. गाठीत अनेक कप्पे, घट्ट भाग, दोन्ही बाजूंना गाठ, पोटात पाणी, इतरत्र पसरल्याच्या खुणा, यांतली एक असेल तर गुण १, दोन किंवा जास्त असतील तर ३. समजा सीए-१२५ आहे ३०, म्हणजे 'नॉर्मल', आणि गाठीत घट्ट भाग व पोटात पाणी आहे. ३ × ३ × ३० = २७०. २०० च्या वर गेलं की कॅन्सर-शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञाकडे पाठवतात.

दुसऱ्या बाजूनंही हा आकडा फसवतो. पोटाच्या टीबीत, लिव्हर सिऱ्हॉसिसमध्ये, हृदय कमजोर झालं तरी तो शेकड्यांत जातो. आपल्याकडे टीबी विसरून चालत नाही: पोटात पाणी, आतड्यांवरचा जाड झालेला चरबीचा पडदा, वाढलेलं सीए-१२५, सगळं चित्र हुबेहूब कॅन्सरसारखं. म्हणून नुसत्या अंदाजानं टीबीच्या गोळ्या सुरू करणं चूक, आणि नुसत्या आकड्यावर कॅन्सर म्हणून पोट उघडणंही चूक. पोटातला छोटा तुकडा काढून, तो तपासून ठरवायचं.

'सुई घालू देऊ नका.' यात अर्धं सत्य आहे. अंडाशयाच्या बंद गाठीत सुई खरंच घालू नये. आतलं सांडलं तर आजाराचा टप्पा वाढू शकतो. पण पोटात मोकळं साठलेलं पाणी काढणं ही वेगळी गोष्ट आहे. त्याच पाण्यातून कारण कळतं. पाठवताना ५० मिलिलिटर तरी हवं, १०० असेल तर उत्तम. ५-१० मिलिलिटरच्या नमुन्यात कॅन्सरच्या पेशी हुकतात. त्याच दिवशी रक्तातलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) तपासून घ्या, नाहीतर तुलना होत नाही. रक्तातल्या अल्ब्युमिनमधून पाण्यातलं वजा केल्यावर फरक १.१ किंवा जास्त आला तर संशय लिव्हर किंवा हृदयावर. कमी आला तर टीबी किंवा कॅन्सरवर. पाण्यातलं एडीए (एक एन्झाइम) साधारण ४० च्या वर गेलं तर टीबीकडे कल. पेशी सापडल्या नाहीत म्हणून कॅन्सर नाही असं होत नाही. मग दुर्बिणीतून बायॉप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी.

'लघवीच्या गोळ्यांनी पाणी उतरतं' अशी जोड हल्ली या निरोपाला लागलीय. लिव्हरच्या पाण्यावर त्या चालतात, कॅन्सर किंवा टीबीच्या पाण्यावर फारशा नाहीत. उगाच सोडियम आणि किडनी बिघडते.

'पिशवी काढलीय.' बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. महाराष्ट्रात पिशवी काढलेल्या बायका खूप आहेत. पण पिशवी म्हणजे गर्भाशय. अंडाशय बऱ्याचदा आतच ठेवलेले असतात. तेही काढले असतील तरी पोटाच्या अस्तरातून तसाच कॅन्सर होऊ शकतो. ऑपरेशनचा कागद शोधून काय काढलं ते वाचा. कागद नसेल तर सोनोग्राफी करणाऱ्यांना तसं सांगा.

पोट लाकडासारखं कडक, थंडी वाजून ताप, उलट्या होऊन वारा न सरणं, एका बाजूला अचानक असह्य कळ किंवा आडवं पडल्यावर दम लागणं, यांतलं काही असेल तर तपासणीच्या तारखेची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी ऑपरेशनची सोय असलेलं इस्पितळ गाठा. तोवर वेदनाशामक गोळ्यांवर गोळ्या घेऊ नका, एरंडेल किंवा एनिमा तर नकोच.