एक डोकं कमी

शुक्रवारी सकाळी बँकेत पासबुक भरून घ्यायला आलेले एक आजोबा पासबुक सोडून माझ्या उजव्या मनगटाकडेच बघत बसले. मनगटाच्या आतल्या बाजूला जांभळ्या शाईत एक वटवाघूळ होतं.

"गोंदवून घेतलंत?"

"नाही हो, शिक्का आहे."

"कुणी मारला?"

एकोणतीस वर्षं मी लोकांच्या चलनांवर शिक्के मारत आलोय. आदल्या रात्री मिसरूड फुटलेल्या एका पोराने मलाच मारला होता. साबण, खोबरेल तेल, भांडी घासायची पावडर, सगळं करून झालं होतं. एक पंख तेवढा पुसट झाला होता. एरवी मी त्यावर घड्याळ बांधतो, पण त्या दिवशी घाईत ते घरीच राहिलं.

सगळ्याला कारण आमच्या ताईचा मुलगा. दिवसा हिंजवडीत नोकरी करतो आणि रात्री बेस गिटार वाजवतो. बेस गिटार म्हणजे नेमकं काय, हे मला ताईला अजून नीट सांगता आलेलं नाही. "ती वाजत असते तेव्हा लक्षात येत नाही, थांबली की काहीतरी गेल्यासारखं वाटतं," असं मी एकदा म्हणालो. त्यावर ताई म्हणाली, "म्हणजे फ्रिजसारखी."

दर महिन्याच्या एक तारखेला भाचा मला व्हॉट्सअॅपवर एक पोस्टर पाठवतो. कर्वे रोडच्या आतल्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर गाण्याबजावण्याची एक छोटीशी जागा आहे, तिथल्या आगामी कार्यक्रमांचं. शुक्रवार-शनिवार 'ट्रिब्यूट नाइट', म्हणजे लोकांना पाठ असलेली गाणी, त्यामुळे गर्दी. रविवारी ओपन माइक, म्हणजे कुणीही या आणि काहीही म्हणा. एखादा शनिवार हेवी मेटल वाजवणाऱ्यांचा. त्यांच्या बँडचं नाव वाचता येत नाही, कुंडी फुटल्यावर तुळशीच्या मुळ्या दिसतात तसं ते काहीतरी असतं. आणि स्वतःची गाणी स्वतः रचणाऱ्यांना गुरुवार. गुरुवारी पुण्यात वीज जाते, पाणी जातं आणि आमचा भाचा वाजवतो.

या वेळी त्याच्या बँडच्या नावाखाली 'मॅथ-रॉक' असं लिहिलेलं होतं. दहावीला हा गणितात काठावर सुटला होता. ताईने ते वाचून देवापुढे साखर ठेवली.

पोस्टरपाठोपाठ फोन आला. "मामा, येतोयस ना? या वेळी पंचवीस डोकी लागतात."

"डोकी?"

"मॅनेजर म्हणाला, पंचवीसच्या खाली आले तर पुढच्या महिन्यात तारीख नाही. दारात क्लिकर घेऊन मुलगा उभा असतो. शिक्का मारला की एक दाबतो."

इथेच माझी सगळी गोची आहे. मी सवाई गंधर्वला जाणारा माणूस. भीमसेनजींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या त्या महोत्सवात हजारोंच्या मांडवात मी बसलोय, बटाटेवडे खाल्लेत, पहाटेच्या मैफलींत सतरंजीवर पाय पसरून झोपलोयसुद्धा. माझ्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. पण जिथे एकूण पंचवीसच माणसं यायची, तिथे मी एकटा चार टक्के होतो. चार टक्क्यांनी बँका बुडतात.

तिकीट ४९९ रुपये. बँकवाला असल्यामुळे मला तो आकडा बघून बरं वाटलं. मैफलीच्या पाचशेपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी लागत नाही, तेव्हा कुणीतरी अक्कल चालवलेली होती. मग अॅपने वर 'सुविधा शुल्क' लावलं. सुविधा कुणाची ते लिहिलेलं नव्हतं.

"अहो, बसायला खुर्च्या आहेत का तिथे?" बायकोने विचारलं.

"नाहीत."

"म्हणजे पाचशे रुपये देऊन उभं राहायचं? तुमच्या बँकेत फुकट राहता येतं."

तिचं डोकं मला मिळालं नाही.

ही जागा मला नवी नाही. कार डेकोरच्या दुकानावरच्या त्याच खोलीत पूर्वी टायपिंग क्लास होता आणि १९९० साली मी तिथेच मराठी टायपिंगच्या, मिनिटाला तीस शब्दांच्या परीक्षेची तयारी केली होती. तीस टाइपरायटर एकदम चालायचे, त्यामुळे आवाजाच्या बाबतीत वास्तूने परंपरा राखली आहे असंच म्हणावं लागेल. आता भिंतींना अंड्यांच्या ट्रेसारखा काळा स्पंज लावलाय, वीतभर उंचीचा स्टेज केलाय आणि खोलीच्या बरोबर मधोमध असलेला खांब आहे तिथेच आहे. खांबामागे उभं राहिलं तर ड्रमवाला दिसत नाही, पुढे उभं राहिलं तर आपण सगळ्यांना दिसतो.

"काका, आयडी?" दारातला मुलगा म्हणाला.

मी टोपी काढून डोकं दाखवलं. नाही चाललं. महाराष्ट्रात बियरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात, तेव्हा आधार कार्ड काढावं लागलं. त्याने जन्मतारीख वाचली, मान हलवली, वटवाघूळ उमटवलं आणि क्लिकर दाबला. मी वाकून आकडा बघितला. तीन. पोस्टरवर आठ लिहिलं होतं आणि मी सवाईच्या सवयीने पावणेआठला पोचलो होतो. आधीचे दोघे कोण, तर ताई आणि भाऊजी.

सव्वानऊपर्यंत काहीही झालं नाही. झालं ते इतकंच, की एसी बंद पडला आणि मॅनेजरने रस्त्याकडची खिडकी उघडली. ताईला एकुलतं एक उंच स्टूल मिळालं, त्यावर ती पर्स मांडीवर घेऊन परीक्षकासारखी बसली. भाऊजींना बारवाल्याने "सर, परमिट आहे?" असं विचारलं. आपल्याकडे कायद्याने प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो. भाऊजी आयुष्यभर सरकारी नोकरीत, ते लगेच म्हणाले, "फॉर्म कुठे भरायचा?" बारवाल्याला असा माणूस पहिल्यांदाच भेटला असावा.

स्टेजवर चार मुलं वायरींच्या गुंत्यात उकिडवी बसून काहीतरी जुळवत होती. एक जण तीच एक तार पुन्हा पुन्हा छेडत होता, दुसरा मधूनच ड्रमवर धप् करायचा आणि थांबायचा. १९७१ साली न्यूयॉर्कला बांगलादेशासाठी झालेल्या मैफलीत पंडित रविशंकरांनी सतार जुळवली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, हा किस्सा मला माहीत होता. आपल्या हातून तसं होऊ नये म्हणून मी हात खिशात घालून उभा राहिलो. दहा मिनिटांनी चौघं उठले, वाकून नमस्कार केला आणि वायरी गुंडाळायला लागले. तो पहिल्या बँडचा कार्यक्रम होता. प्रायोगिक होता म्हणे.

मग ते चौघे खाली उतरून प्रेक्षक झाले आणि इतका वेळ प्रेक्षक असलेले आमचे चौघे वर चढले. इथली ही पद्धतच आहे. भिशीसारखं, आज मी तुझ्याला, उद्या तू माझ्याला.

"हॅलो पुणे!" गिटारवाला माइकमध्ये ओरडला.

मी मागे वळून पाहिलं. आम्ही एकोणीस होतो. त्यातले सहा जण कोपऱ्यातल्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस करत होते, त्यांचं लक्ष फ्राइजकडे होतं. कोथरूडपासून हडपसरपर्यंतचा सगळा भार उरलेल्या तेरा जणांवर पडला. शिवाय स्टेजसमोर सहा फूट जागा रिकामी. शाळेत पहिल्या बाकावर बसायला कुणी तयार नसतं तसे सगळे भिंतीला पाठ लावून उभे. "जरा पुढे या ना," गिटारवाला म्हणाला. कुणी हललं नाही. शेवटी मामाच्या कर्तव्याला जागून मी पुढे गेलो आणि त्या रिकाम्या जागेत हार घालायच्या पुतळ्यासारखा एकटा उभा राहिलो.

गाणं सुरू झालं आणि माझ्या शर्टाची बटणं थरथरायला लागली. फोनवर आवाज मोजायचं अॅप आहे, त्यात १०३ डेसिबल दिसले. कानांचा हिशेब असा असतो, की ८५ डेसिबलला आठ तास चालतात आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. मी तोंडी गणित केलं. माझा दिवसाचा कोटा साडेसात मिनिटांत संपत होता आणि पहिलं गाणंच नऊ मिनिटांचं होतं. खिशात कापूस होता, तो घातला. कापसातून ऐकल्यावर मला पहिल्यांदा भाचा ऐकू आला. खरंच ऐकू आला. फ्रिज नव्हता तो. बाकी तिघं आपापल्या दिशांना पळत होती आणि हा मधे उभा राहून त्यांच्या दोऱ्या धरून होता. हे नंतर त्याला सांगायचं राहिलं.

मी प्रवेशिका पूर्णपर्यंत तबला शिकलोय. गाणं सात मात्रांचं आहे हे माझ्या लक्षात आलं आणि मी खुशीत पँटच्या खिशावर सात मात्रांचा रूपक ताल धरला. रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली म्हणजे रिकामी मात्रा येते. हॉलकडे बघता योग्यच होतं. दोन आवर्तनं छान जमली, तिसऱ्याला सम गायब. मी परत धरली, परत गायब. सात सोडून ही मुलं अकरात कधी शिरली आणि तिथून नवात कधी गेली, कळलंच नाही. मॅथ ते हेच. एका जागी सगळे एकदम थांबले, मला वाटलं आलो समेवर, आणि मी मनापासून "क्या बात है!" म्हणालो. कानात कापूस असल्यामुळे जरा मोठ्यानेच. गिटारवाल्याची तार तुटली होती.

"थँक्यू, अंकल," तो म्हणाला.

तार बदलेपर्यंत वाढदिवसाच्या टेबलावरून एका हिंदी गाण्याची फर्माईश झाली. भाच्याने शांतपणे सांगितलं, "ते शनिवारी असतं." ताईला हे फार आवडलं. ती स्टुलावरून म्हणाली, "सांगितलं ना, शनिवारी!"

मधेच मला बाथरूमला जायचं होतं. पण रिकाम्या जागेत एकटा उभा असलेला माणूस चालू गाण्यात पाठ फिरवून निघाला, की वाजवणाऱ्यांना काय वाटेल? सवाईत मी पाच वेळा उठतो. इथे दहापर्यंत कळ काढली.

त्या कळेत हिशेब सुरू झाला, सवयीप्रमाणे. तिकीट काढलेले अकरा. वाढदिवसवाले टेबलाच्या बिलावर आलेले, बाकी पाहुण्यांच्या यादीतले. अकरा गुणिले ४९९ म्हणजे ५,४८९. सत्तर टक्के बँडचे, म्हणजे ३,८४२. सरावाची खोली तासाला चारशे रुपये, बारा तास घेतलेली, म्हणजे ४,८००. ड्रमची टॅक्सी न धरता ९५८ रुपये तोटा. चार मुलं पगारातून पैसे घालून आम्हाला गाणं ऐकवत होती. कर्ज मागायला आली असती तर मी अर्जच घेतला नसता.

भाच्याला एकदा विचारलं होतं, हे चालतं तरी कसं? तर तो मोठ्या माणसासारखा म्हणाला, "मामा, चालत नाहीच." मग त्याने मुंबईच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहाचं सांगितलं. १९८६ साली सुरू झालेला इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव तिथे वर्षानुवर्षं व्हायचा, पण आसपास हॉस्पिटलं आणि कॉलेज, शांतता क्षेत्र आलं आणि तिथलं वाजवणं थांबलं. लोअर परळच्या मिलमधलं ब्लू फ्रॉग, असंच गाण्याबजावण्याचं ठिकाण, २००७ साली उघडलं, २०१६ साली मिटलं. हे सगळं तो घराण्याची वंशावळ सांगावी तसं सांगत होता. इंडिपेन्डन्स रॉक सुरू झाला तेव्हा तर त्याचा जन्मही झाला नव्हता.

दहाला पाच कमी असताना शेवटचं गाणं संपलं. मी आधी बाथरूमला आणि मग दाराकडे गेलो. क्लिकरवर चोवीस.

"एक कमी पडतंय, काका," मुलगा म्हणाला. त्यालाही वाईट वाटत होतं. "बाराला कार्यक्रम बंद दाखवायचा असतो, पण सर साडेदहालाच आकडा नेतात."

मी जिना उतरून खाली गेलो. डिलिव्हरीवाला मुलगा पार्सलची वाट बघत होता, त्याला म्हटलं, वर येऊन फक्त शिक्का घे. तो म्हणाला, "काका, ऑर्डर लेट होईल." पानवाल्याला टपरी सोडवेना. एक रिक्षावाला तयार झाला, पण मीटर चालू ठेवून. बायकोला फोन लावला, तिने उचलला नाही, झोपली असणार. वर पोरं 'अजून एक, अजून एक' म्हणत होती आणि भाच्याच्या बँडने ते मनावर घेतलं होतं.

मी परत वर आलो तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ जिना उतरून दारात उभे राहिले. पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, बनियन, हातात नियमांची झेरॉक्स.

"दहा वाजून गेलेत! निवासी भागात रात्री ४५ डेसिबल! २००० सालचे नियम आहेत!"

"बंद हॉलला त्यात सूट आहे, काका," मॅनेजर आतून म्हणाला.

"बंद? मग ही खिडकी काय आहे?"

याला मॅनेजरकडे उत्तर नव्हतं. गृहस्थ उजव्या हाताचं बोट खिडकीकडे रोखून तसेच उभे राहिले. मनगट आपसूक दारातल्या मुलासमोर आलं. चोवीस वेळा जे केलं तेच त्याने पंचविसाव्यांदा केलं, सवयीने. वटवाघूळ उमटलं, क्लिकर टिकटिकला. आत भाचा माझ्याकडे बघत होता, मी पाच बोटं दाखवली.

गृहस्थांनी हात दिव्याखाली नेला. "हे काय?"

"वटवाघूळ," मी म्हणालो.

"जातं ना?"

"साबणाने नाही जात. साधारण सोमवारपर्यंत जातं."

"अहो, रविवारी आमच्याकडे सत्यनारायण आहे! पूजेला मी बसायचोय!"

"घड्याळ या हाताला बांधा. मी तेच करतो."

त्यांनी माझ्या मनगटाकडे बघितलं, मग स्वतःच्या. डाव्या हातातलं घड्याळ सोडून उजव्या हाताला बांधलं, वटवाघूळ पूर्ण झाकतंय का ते उलटंसुलटं करून तपासलं, आणि तिथेच त्यांना काटे दिसले.

"दहा बारा झालेत," ते म्हणाले. "खिडकी लावा आधी."