मोटरवर ३ व्होल्ट लिहिलंय म्हणून ३६ व्होल्टला घाबरू नका

देव्हाऱ्याच्या जाळ्या, दारावरचं कोरीव काम, ॲक्रिलिकच्या पाट्या यासाठी घरीच सीएनसी राउटर (कॉम्प्युटरच्या हुकमावर कोरणारं मशीन) जोडणारे लातूर-नांदेडकडे आता बरेच झालेत. त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : स्टेपर मोटरच्या (ठरलेल्या छोट्या पावलांनी, म्हणजे स्टेपनी फिरणाऱ्या मोटरच्या) लेबलवर ३.१ व्होल्ट असतं, त्यामुळे १२ व्होल्टच खूप झालं, ३६ दिलं तर मोटर जळते. सप्लाय मोटरच्या करंटच्या बेरजेइतकाच घ्यावा. मोटर तापली तर व्होल्टेज कमी करा, स्टेप चुकल्या तर मोठी मोटर लावा. आपल्याकडच्या लाइटीला एसएमपीएस (स्विचिंगवर चालणारा डीसी सप्लाय) टिकत नाही, ट्रान्सफॉर्मरच बरा. आणि मोटर अडकली की तिचा कनेक्टर ओढून काढा.

आधी ३.१ व्होल्टचं बघू, कारण बाकीचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. समजा नेमा २३ मापाची मोटर आहे : २.८ अँपिअर, कॉइलचा रेझिस्टन्स १.१ ओहम. दोन्हींचा गुणाकार ३.०८. लेबलवरचा आकडा एवढाच आहे. मोटर स्थिर असताना कॉइलमधून २.८ अँपिअर जायला लागणारं व्होल्टेज. टीबी६६०० किंवा डीएम५४२ हे चॉपर ड्रायव्हर, म्हणजे सप्लाय आणि मोटरच्या मध्ये बसून करंट सांभाळणारे बोर्ड आहेत. करंट ठरलेल्या आकड्याला पोचला की ते कॉइलचा सप्लाय तोडतात, उतरला की परत जोडतात, सेकंदाला हजारो वेळा. सप्लाय १२ असो की ३६, कॉइलला करंट त्याहून जास्त मिळत नाही. भीती अगदीच हवेतली नाही म्हणा. रोबोटिक्सच्या किटमधल्या साध्या एल२९८ बोर्डावर, करंटवर लगाम नसताना, ३६ व्होल्ट सोडलं तर बोर्ड किंवा कॉइल जळू शकते. पण राउटरवर तो बोर्ड लावतंय कोण?

मग जास्त व्होल्टेज हवं कशाला? वेगासाठी. याच मोटरचा इंडक्टन्स (करंट बदलायला कॉइलचा होणारा विरोध) ३.६ मिलिहेन्री धरा. १२ व्होल्टवर करंट शून्यापासून २.८ ला पोचायला जवळपास १ मिलिसेकंद लागतं, ३६ वर ०.३. मोटर एका फेऱ्यात २०० स्टेप घेते. ३०० आरपीएमला सेकंदाला हजार, म्हणजे एका स्टेपला मिळतं बरोबर १ मिलिसेकंद. ५ एमएम पिचच्या (एका फेऱ्यात ५ एमएम सरकवणाऱ्या) बॉल स्क्रूवर हा वेग मिनिटाला १५०० एमएम, काही फार नाही. तरी १२ व्होल्टवर करंट पुरता चढेपर्यंत पुढची स्टेप दारात उभी. त्यात फिरणारी मोटर स्वतः उलटं व्होल्टेज तयार करते ते वेगळंच. जोर जातो, स्टेप सुटतात, आणि जाळीची नक्षी एका बाजूला सरकते. शिवाय डीएम५४२ ला किमान २० व्होल्ट लागतं, तेव्हा १२ चा सल्ला त्याला लागूच नाही.

इथेच ‘मोठी मोटर लावा’ हेही निकालात निघतं. त्याच करंटच्या लांब मोटरचा इंडक्टन्स साधारणपणे जास्त असतो. तेच १२ व्होल्ट ठेवून ती लावली, तर वेगात लहान मोटरपेक्षाही आधी दम तोडू शकते. वर खर्च झाला तो झालाच.

सप्लायच्या अँपिअरबद्दल मेसेज दोन्हीकडून चुकतो. जास्त अँपिअरचा सप्लाय मोटरमध्ये करंट ढकलत नाही. गावातली डीपी १०० केव्हीएची आहे म्हणून घरातला बल्ब फुटतो का? आणि तीन मोटरी गुणिले २.८ बरोबर ८.४, तेवढाच लोड सप्लायवर येतो हेही खरं नाही. ३६ व्होल्टवर नुसती धरून ठेवलेली एक मोटर सप्लायकडून अर्धा अँपिअरही घेत नाही. चालत्या मशीनला बेरजेच्या दोन तृतीयांश धरतात, म्हणजे इथे साडेपाच-सहा अँपिअर. बाजारातला ३५० वॅटचा ३६ व्होल्ट एसएमपीएस ९.७ अँपिअर देतो. पुरून उरतो.

‘भाऊ, मोटर तापुलालीय’ हा फोन मे महिन्यात हमखास येतो. सावलीत ४२ डिग्री असताना ती तापणारच. बॉडी ८० डिग्रीपर्यंत गेली तरी अशा मोटरींना बहुतेकदा चालतं, हाताला मात्र ६० लाच चटका बसतो. बोटाने निदान करू नका. आधी ड्रायव्हरवरचे डिप स्विच (करंट ठरवणारे छोटे स्विच) बघा : डीएम५४२ च्या तक्त्यात २.८ च्या मोटरला पीक २.८४ ची ओळ. चौथा स्विच ऑफ ठेवला की थांबलेल्या मोटरला निम्माच करंट जातो. व्होल्टेज वाढलं की मोटरच्या लोखंडातली उष्णता थोडी वाढते, हे मान्य. म्हणून मर्यादा असते. गेकोड्राइव्ह या ड्रायव्हर बनवणाऱ्या कंपनीचा ठोकताळा आहे : मिलिहेन्रीच्या वर्गमुळाला ३२ ने गुणा. आपल्या मोटरला ते ६१ व्होल्टच्या आसपास येतं. त्याआधी ड्रायव्हरचीच हद्द लागते : टीबी६६०० मॉड्यूलला ४२, डीएम५४२ ला ५०.

ट्रान्सफॉर्मरच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे. ब्रेक लागताना मोटर थोडी वीज परत ढकलते आणि ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायमधले मोठे कपॅसिटर ती पोटात घेतात. एसएमपीएस कधी कधी त्यावर ट्रिप होतो. पण जिथे गाव आणि शेती एकाच फीडरवर आहे तिथे पंप चालू असताना व्होल्टेज पडतं, पंप बंद झाले की उसळतं, आणि साधा ट्रान्सफॉर्मर ती प्रत्येक उसळी पुढे पाठवतो. २४ व्होल्ट एसीचा ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि कपॅसिटर धरून, २३० वर साडेबत्तीस डीसी देईल, २६० वर ३७. ३६ व्होल्ट एसीचा लावलात तर २३० लाच ४९ च्या वर, डीएम५४२ अगदी काठावर. रेग्युलेटेड एसएमपीएसचं आउटपुट ३६ च राहतं. फक्त त्याच्या बाजूचा छोटा ११०-२२० स्विच लावण्याआधी बघा. तो ११० वर राहिला तर मोठा आवाज करून मामला संपतो. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतत राहा आणि मशीनची फ्रेम त्याला जोडा.

चालू सप्लायवर मोटरचा कनेक्टर ओढणं मात्र सगळ्यात महागात पडणारं. कॉइलमधला करंट एकदम तुटत नाही, पिनेवर ठिणगी पडते आणि ड्रायव्हर जातो. मोटर अडकली तर ड्रायव्हरच्या इनेबल इनपुटने (मोटरचा करंट चालू-बंद करणारा) मोटर बंद करा. इमर्जन्सी स्विच २३० च्या बाजूला बसवा, सप्लाय आणि ड्रायव्हरच्या मधल्या डीसी वायरीत नको.